सोल्यूशन वाचून पेपर सुटत नाही: अकाउंटिंगच्या प्रोफेशनल परीक्षेचा अभ्यास कसा करावा

सीए असो, सीएमए असो की एसीसीए, एक चूक जवळपास सगळेच करतात, मीही केली. सम वाचायचं, दोन मिनिटं विचार करायचा, मग सोल्यूशन बघायचं आणि ‘हां, कळलं’ म्हणून पुढे जायचं. असं करत माझं कन्सॉलिडेशन (मुख्य कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांचे हिशेब एकत्र मांडणं) दोन दिवसांत ‘झालं’ होतं आणि पेपरात गुडविल (विकत घेतलेल्या कंपनीच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत) काढताना पहिल्याच वर्किंगला अडकले, कारण कंपनी ताब्यात घेतली त्या तारखेपर्यंतचे रिझर्व्ह (साठलेला नफा) वेगळे आणि नंतरचा नफा वेगळा धरायचा हे वाचलं खूपदा होतं, पण कोऱ्या कागदावर स्वतः एकदाही केलं नव्हतं.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमकं हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी मजकूर परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, पण आठवड्यानंतर विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे! म्हणजे वाचल्यावर जे ‘येतंय’ वाटतं ना, त्याच्यावर अजिबात भरवसा ठेवू नका.

म्हणून सोल्यूशन बंद करा, टायमर लावा आणि सम शेवटपर्यंत लिहा. पेपर ३ तासांचा आणि १०० मार्कांचा असेल तर एका मार्काला १.८ मिनिटं येतात, म्हणजे २० मार्कांच्या प्रश्नाला ३६ मिनिटं. वेळ संपली की पेन बदला आणि उरलेलं दुसऱ्या रंगात पूर्ण करा, मग परीक्षेत किती झालं असतं ते लगेच दिसतं. आणि बॅलन्स शीट टॅली होत नसेल तर सोडून पुढचा प्रश्न घ्या, खरंच सोडा. स्टेपला मार्क असतात, वर्किंग नोट्स स्वच्छ असतील तर एका चुकीच्या आकड्याने सगळं जात नाही, पण तो फरक शोधण्यात २० मिनिटं घालवली तर पुढचा येत असलेला प्रश्न जातो.

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा चुकांच्या वहीचा. त्यात ‘सिली मिस्टेक’ असं लिहायचं नाही, नेमकं लिहायचं, की मशीन वर्षाच्या मध्यात घेतलं होतं आणि डेप्रिसिएशन पूर्ण वर्षाचं लावलं. दर आठवड्याला तेच सम परत, कोऱ्या कागदावर. महिनाभरात कळतं की आपल्या चुका फार वेगवेगळ्या नसतात, त्याच चार-पाच पुन्हा पुन्हा येतात.

थिअरीलाही हेच. आयएफआरएस १५ (ग्राहकांशी केलेल्या करारातलं उत्पन्न कधी आणि किती दाखवायचं हे सांगणारं आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्ड) च्या पाच पायऱ्या पुस्तक मिटून लिहा: करार, त्यातली आश्वासनं, किंमत, किंमतीची वाटणी, उत्पन्नाची नोंद. अडलात तिथेच रिव्हिजन करा, सगळा चॅप्टर परत वाचत बसू नका.

शेवटचे तीन-चार आठवडे जुने पेपर पूर्ण वेळ लावून सोडवा, विषय मिसळून, कारण चॅप्टरचं नाव वर दिसत असलं की पद्धत आपोआप आठवते आणि परीक्षेत ते नाव नसतं. पेपर कॉम्प्युटरवर असेल तर सरावही तिथेच करा. फक्त जुना पेपर सोडवण्याआधी तुमच्या अटेम्प्टला कुठल्या तारखेपर्यंतचे बदल लागू आहेत ते संस्थेच्या साइटवर बघून घ्या, नाहीतर रद्द झालेला टॅक्सचा नियम पाठ होऊन बसतो.