बॉल पायथनच्या पेटीतली उष्णता आणि दमटपणा : या चुका टाळा

(या परदेशी अजगराची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी झाली आहे असं धरून चालतो. नसेल तर आधी ती करा, पेटीचं मग बघू.)

कात तुकड्यातुकड्यांत निघाली की मुंबईकर पहिल्यांदा स्प्रेची बाटली उचलतो. जुलैत बाहेरची हवाच ८५-९० टक्के दमट. त्यात रोज दोनदा फवारा मारला की पेटीत अंथरलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) वरचा थर सुकतच नाही, पोटाचे खवले तपकिरी पडून सडायला लागतात. त्याच घरात रात्रभर एसी चालला तर पेटी पहाटे ४५ टक्क्यांवर येते आणि डोळ्यांवरची कात अडकते. म्हणून ऋतू पाहून नव्हे, दमटपणा मोजणारं मीटर पाहून पाणी द्या. तेही कोपऱ्यांतून ओता: एक कप, दुसऱ्या दिवशी मीटर पाहून पुढचा. तळ ओलसर, वरचा थर कोरडा. ५५ ते ७० टक्के पुरे. जाळीचं झाकण असेल तर पाऊण भाग ॲक्रिलिकने झाका, पूर्ण नको.

काट्याचं चिकटवायचं मीटर घेऊ नका. डिजिटलही आधी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ, ओल्या वाळूइतपत पाणी, मीटरसह झिपच्या पिशवीत आठ तास. ७५ दिसायला हवेत. ७० दिसले तर पुढे नेहमी पाच मिळवून वाचा.

आता प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटचं तापमान मोजणारं वायरीचं टोक. सगळ्यात जास्त साप इथे भाजतात. थर्मोस्टॅट (पेटीखालची तापणारी मॅट चालू-बंद करणारं यंत्र) ३२ अंशांवर लावलेला असतो, पण प्रोब पेटीच्या आत मॅटजवळ नुसताच ठेवलेला. जानेवारीच्या रात्री साप तो ढकलतो, प्रोब थंड कोपऱ्यात जाऊन २२ वाचतो आणि मॅट पूर्ण जोरात चालू राहते. सकाळी स्क्रीनवर तापमान वाढलेलं दिसतच नाही, पोटावर मात्र लाल चट्टे. साप भाजत असतानाही बऱ्याचदा जागा सोडत नाही. प्रोब मॅट आणि पेटीच्या तळाच्या मधे, बाहेरच्या बाजूने ॲल्युमिनियम टेपने पक्का करा. पेटीच्या आत टेप अजिबात नको, खवल्यांना चिकटते. मग टेम्परेचर गनने आतला पृष्ठभाग मोजा. ३३ च्या वर गेला तर सेटिंग खाली आणा. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

थंड बाजू २५-२७ अंश हवी. मे महिन्यात ती ३१ झाली तर पेटी जमिनीलगत आणा, जाळीवरून टेबल फॅन वाहू द्या. खिडकीतल्या उन्हात काचेची पेटी कधीच नको. रात्री लाल बल्बही नको. पेटीत ठेवायचे विजेवर तापणारे दगड फेकून द्या.

श्वासात शिट्टी ऐकू आली किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले तर पेटीशी खेळत बसू नका, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.