अनियतकालिकाचा अंक आधी मागच्या पानापासून पाहावा

साठोत्तरी अनियतकालिकांवर, म्हणजे १९६० नंतर लेखक-कवींनी स्वतःच काढलेल्या, ठरलेली मुदत नसलेल्या छोट्या पत्रिकांवर संशोधन करू पाहणाऱ्यांना त्यांच्या आधीचे, १९५४ मध्ये सुरू झालेले ‘शब्द’, अशोक शहाणे यांचे ‘असो’, राजा ढाले यांचे ‘येरू’ किंवा औरंगाबादचे ‘वाचा’ ही नावे नव्याने सांगायला नकोत. मला सांगायची आहे ती माझी एक चूक, कारण तिच्यापायी माझे दीड वर्ष वाया गेले आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

एका संग्राहकांनी मोठ्या मनाने मला एक अंक हाताळू दिला. कागद पिवळा पडलेला, पिनांच्या गंजाने मधली घडी तपकिरी झालेली. पैसे वाचवण्यासाठी मी फक्त कवितांच्या पानांची झेरॉक्स काढली. अंकावर साल नव्हते, म्हणून त्यात लिहिणाऱ्या एका कवींनी आठवणीने सांगितलेले १९६८ हे साल मी प्रमाण मानले आणि त्यावर प्रबंधाचे एक अख्खे प्रकरण उभे केले. पुढे तोच अंक दुसऱ्या ठिकाणी पूर्ण पाहायला मिळाला, तेव्हा शेवटच्या पानाच्या तळाशी पत्ता दिसला : ‘मुंबई ४०० ००४’. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. प्रकरण तिथेच कोसळले.

म्हणून अंक पहिल्या पानापासून मलपृष्ठापर्यंत, कोऱ्या पानांसकट टिपून घ्यावा. किंमत, जाहिराती, मुद्रकाची ओळ, काहीही वगळू नये. छापील मजकुरावर मुद्रकाचे नाव व ठिकाण देणे १८६७ च्या कायद्याने बंधनकारक होते, त्यामुळे ती ओळ बहुधा सापडते. मात्र नुसते ‘मुंबई ४’ (पिनकोडाआधीचा टपाल विभागाचा आकडा) दिसले म्हणून अंक १९७२ पूर्वीचा ठरत नाही, कारण जुन्या सवयीने लोक पुढेही तसेच लिहीत राहिले.

‘कविता संग्रहात आली आहे, तेवढे पुरे’ असे सांगणाऱ्या मार्गदर्शकांचे कृपया ऐकू नका. संग्रहात कवितेचा शब्द बदललेला असू शकतो आणि तिच्या शेजारी काय छापले होते, हे तर तिथे कळतच नाही.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. आज खिशातल्या फोनने पूर्ण अंक टिपता येतो, आणि घाई न करता बसणाऱ्या विद्यार्थ्याला संग्राहक मनापासून मदत करतात. त्यांच्याकडे बुकपोस्टाचे जुने वेष्टण आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. त्यावरचा टपालाचा शिक्का वाचता आला, तर तारखेसाठी कोणाच्याही आठवणीवर विसंबावे लागत नाही.