भांडारात उतरण्याआधी: लोकजीवन विभागातली उन्हाळी इंटर्नशिप

पहिले काही दिवस संग्रहालयातल्या वस्तू हाताळायला मिळत नाहीत, आणि ते बरंच आहे. तेवढ्या वेळात प्रवेशनोंदवही, म्हणजे संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद, वाचून काढा. जुन्या नोंदींत 'लाकडी भांडे' एवढंच लिहिलेलं दिसेल. ते मापटं आहे, शेर की पायली? धान्य भरून बघायचं नाही. आतला व्यास आणि खोली मिलिमीटरमध्ये मोजा. वस्तू ज्या गावाची, तिथलं नाव उच्चारासकट आणि तालुक्यासकट नोंदवा. नाव हरवलं की अर्धी वस्तू हरवली.

सगळ्यात मोठी चूक होते ती पुसण्यात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्यासारखे दिवे, अडकित्ते असोत की जव्हार-मोखाड्याकडचे बोहाड्याचे, म्हणजे सोंगांच्या नाचाच्या उत्सवातले मुखवटे, या वापरातल्या वस्तू. समईतलं थिजलेलं तेल, मुखवट्यावरचं कुंकू, कणगीवरचं शेणाचं सारवण हा मळ नव्हे, पुरावा आहे. पितळ चकचकीत करण्याचा मोह तर अजिबात नको. मऊ ब्रशने सुटी धूळ काढायची, तीही विचारून.

हातमोजे नायट्राइलचे घ्या. सुती मोजे बांबूच्या कुसळांत अडकतात आणि इरल्याची (पावसात पांघरायच्या बांबू-पानांच्या आच्छादनाची) पानं तुटतात. शिवाय जुन्या संग्रहांवर पूर्वी आर्सेनिक, डीडीटी मारलेलं असू शकतं, म्हणून मास्कही हवा. वस्तू कानाला, दांड्याला धरून उचलू नका. जोड तिथेच सुटतो. दोन्ही हात बुडाखाली.

क्रमांक घालताना घाई नडते. ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर न दिसणाऱ्या जागी द्या, पूर्ण वाळू द्या, मग शाईने क्रमांक. वरचा थर एकाच हलक्या हाताने. ब्रश दुसऱ्यांदा फिरवला की ॲसिटोन खालचा थर मऊ करतं आणि आकडे पसरतात. सावंतवाडीच्या लाखकाम केलेल्या खेळण्यांवर हे करूच नका, रंग सुटू शकतो. तिथे दोऱ्याने चिठ्ठी बांधा. कापडाला क्रमांकाची सुती पट्टी टाका घालून शिवा, सुई विणीच्या फटीतून जाऊ द्या. पानदानाच्या झाकणाला, प्रत्येक वाटीला तोच क्रमांक आणि पुढे अ, ब, क. झाकणं अदलाबदल होतात ती इथेच.

जूनमध्ये आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशी धरते, म्हणून मे महिन्यातच बांबू-लाकडाची तपासणी उरका. टोपलीखाली पिठासारखा भुसा दिसला तर आत पोखरणारा किडा असू शकतो, ती लगेच वेगळी करा. पॉलिथिनमध्ये हवा काढून बांधा, उणे २० अंशांखाली दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. दव पिशवीवर पडू दे, टोपलीवर नको. तारप्याला, म्हणजे भोपळा-बांबूच्या फुंकवाद्याला मात्र फ्रीझर नाही: जोडांवरचं मेण थंडीने तडकतं. त्याच्याखाली काळा कागद अंथरून रोज बघा. पांढरट भुसा पुन्हा पडला, तर किडा जिवंत आहे. तारपा वेगळ्या पिशवीत बंद करून त्याच दिवशी संवर्धकांना दाखवा.