खाडीतली झाडं ओळखायची कशी: तिवर, चिप्पी, कांदळ, हुरी

खाडीवर ओहोटीला जा. मुळं पाण्याखाली असतील तर अर्धी ओळख तिथेच बुडते. वेळ तिथीवरून काढा: तिथीला ३ ने गुणून ४ ने भागलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास.

उंचीवरून झाड ओळखायला जाऊ नका. एकच तिवर खाडीच्या काठाला चांगलं उंच होतं आणि मागच्या खारट जमिनीत कमरेएवढंच राहतं. जागेप्रमाणे बदलणारी गोष्ट ओळखीच्या कामाची नाही.

आधी मुळं बघा. चिखलातून पेन्सिलीसारखी बारीक मुळं वर आलेली असतील तर तिवर. जाड, टोकाकडे निमुळती असतील तर चिप्पी. खोडातून कमानी टाकून चिखलात उतरलेली असतील तर कांदळ. गल्लत नेहमी इथेच होते. तिवराची आणि चिप्पीची आडवी मुळं दूरवर पसरतात, त्यामुळे तुमच्या समोरच्या झाडाखालचे मुळांचे खुंट शेजारच्या झाडाचे असू शकतात. कांदळाच्या रोपाला तर कमानी अजून फुटलेल्याच नसतात. म्हणून नुसत्या मुळांवर नाव ठरवू नका.

मग पान. तिवराचं पान खालून पांढुरकं-राखाडी असतं, त्यावर मिठाचे कणही सापडतात. पांढऱ्या चिप्पीचं पान गोलसर, जाड, दोन्ही बाजूंनी हिरवं. कांदळाच्या पानाला टोकाशी टोचणारा काटा आणि खालच्या बाजूला बारीक काळे ठिपके. या तिघांची पानं फांदीवर समोरासमोर असतात.

पानं एकाआड एक दिसली तर हात आवरा. ती हुरी असू शकते. तिचा पांढरा चीक कातडीला भाजतो, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चीक बघायला पान तोडू नका. काजळा हे खाडीतलंच आणखी एक झाड. त्याची पानंही एकाआड एकच, पण फळं शिंगासारखी वाकडी असतात.

फळ मिळालं तर शंका उरत नाही. पांढऱ्या चिप्पीचं फळ गोल हिरवं, देठाशी फुलाची बाहेरची दलं चांदणीसारखी पसरलेली. (२०२० मध्ये महाराष्ट्राने हिलाच राज्य कांदळवृक्ष, म्हणजे खारफुटीतलं राज्याचं झाड, ठरवलं.) कांदळाची शेंगेसारखी लांब रोपं झाडावरच लोंबतात.

किमान दोन खुणा जुळल्या तरच वहीत नाव लिहा. जुळत नसतील तर प्रश्नचिन्ह टाका आणि फळं धरल्यावर पुन्हा त्याच झाडाकडे या. नमुन्याला गळलेली पानंच घ्या; कांदळवन, म्हणजे खाडीतली ही सगळीच झाडी, कायद्याने संरक्षित आहे.