ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाला आणि स्क्रीन ताणली गेली? आधी एक नाव तपासा

रात्री अपडेट लावून लॅपटॉप मिटला, सकाळी उघडला तर आयकॉन वाटीएवढे, अक्षरं पुसट आणि फोटोतले सगळे चेहरे आडवे फुगलेले. मामेबहिणीच्या लॅपटॉपवर हेच झालं. ‘स्क्रीन गेली’ म्हणून तिने दुरुस्तीवाल्याला फोनसुद्धा लावला होता. स्क्रीन ठणठणीत होती.

होतं असं, की नवा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारं सॉफ्टवेअर, नीट बसला नाही तर विंडोज स्वतःजवळचा कामचलाऊ ड्रायव्हर लावतं. त्याला तुमच्या पॅनेलची, म्हणजे स्क्रीनची, नीट ओळख नसते, मग तो बऱ्याचदा १०२४ × ७६८ ठिपक्यांच्या रिझोल्यूशनवर अडतो. पॅनेल असतं बहुतेकदा १९२० × १०८० चं. चार-तीनच्या मापाचं चित्र सोळा-नऊच्या चौकटीत ओढून बसवलं की चेहरे फुगणारच.

आधी लॅपटॉप रीस्टार्ट करा. शट डाउन नव्हे, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, जुनी अवस्था साठवून ठेवतं. तरीही तसंच असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होईल. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

मग सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले. रिझोल्यूशनच्या यादीत ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय ते निवडा. ते आधीच निवडलेलं असेल, अक्षरं मोठी पण रेखीव दिसत असतील, तर गडबड रिझोल्यूशनची नाहीच. त्याच पानावरचं ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्क्यांवर जे पूर्वी होतं ते करा, काम झालं.

यादी फिकट झालीय, हातच लावता येत नाही? मग खरं काम डिव्हाइस मॅनेजरमध्ये. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून तो उघडा आणि ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खालचं नाव वाचा. तिथे इंटेल, एएमडी वगैरे नाव असेल तर त्यावर डबल क्लिक करून ‘ड्रायव्हर’ टॅबमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. विंडोज कारण विचारतं, कुठलंही निवडा. दहा मिनिटांत जुना ड्रायव्हर परत.

‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं नाव दिसलं, किंवा रोल बॅकचं बटण फिकट असलं, तर ड्रायव्हर नव्याने घालावा लागेल. इथे घाई नडते. काहीही काढून टाकण्याआधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून घ्या. मॉडेल नंबर सहसा खालच्या बाजूला छापलेला असतो. दोन ग्राफिक्स चिप (एक प्रोसेसरमधली, एक गेमिंगसाठी वेगळी) असलेल्या लॅपटॉपमध्ये गेमिंगवालीच्याच मागे लागू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन प्रोसेसरमधल्या चिपवर चालते, तेव्हा तिचाही ड्रायव्हर घ्या.

आता वायफाय बंद करा, म्हणजे मध्येच विंडोज स्वतःचं शहाणपण चालवणार नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा आणि ड्रायव्हर काढून टाकायची चौकट दिसली तर तिथे टिक करा. उतरवलेली फाइल चालवा. मध्ये स्क्रीन दोन-तीनदा काळी होते. पॉवर बटणाकडे हात नेऊ नका. संपलं की रीस्टार्ट.

स्क्रीन सुरुवातीपासूनच काळी असेल, तर विंडोज सुरू होत असताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा मेनू येतो आणि त्यातून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाता येतं; वरचं रोल बॅक किंवा अनइन्स्टॉल तिथून करा. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर इथे रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती आधी फोनवर शोधून ठेवा.

सगळं जागेवर आलं की वायफाय चालू करा आणि लगेच विंडोज अपडेटमध्ये जाऊन अपडेट एका आठवड्यासाठी ‘पॉज’ करा. बहिणीने ते केलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच ड्रायव्हर पुन्हा येऊन बसला.