लेकरासंगं रंगवायला बसा, पण आपला कागद वेगळा ठेवा

रंगपेटीसाठी तालुक्याला जायची गरज नाही, फागुनात बांधावर पळस फुललेलाच असतो. दोन ओंजळी फुलं आणायला पोट्ट्यांना पाठवा, मग दोन पेले पाण्यात पंधरा मिनिटं उकळून गाळून घ्या, पिवळा-केशरी रंग तयार. त्यातला थोडा वेगळ्या वाटीत काढून चिमूटभर खायचा चुना टाकला की गडद केशरी होतो, अन् तोच चुना हळदीच्या पाण्यात पडला की एकदम लाल! माझी लहानी हे पाहून "अजून कर, अजून कर" म्हणत अर्धी हळद संपवून बसली. चुना मात्र आपणच टाकायचा, डोळ्यात गेला तर लय वाईट. काळा पाहिजे तर भांड्याच्या बुडाची काजळी. बाभळीचा डिंक रात्री भिजत घालून चमचाभर मिसळला की रंग कागदाला धरतो. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून ते चित्र दाराबाहेर लटकवू नका.

कागद म्हणजे लग्नपत्रिकेची कोरी बाजू, ब्रश म्हणजे दातणासारखी चावलेली कडुलिंबाची काडी.

वेळ कधी? कापूस वेचणीत नाहीच बाप्पा. मी लाईन गेली की बसते, टीव्ही बंद, मोबाईल उतरलेला, कोणी काही मागत नाही.

आता मेन गोष्ट, लेकराच्या कामाला हात लावायचा नाही. मागच्या तान्ह्या पोळ्याला पोरानं लाकडी नंदी हिरवा रंगवला, डोळे निळे, एक शिंग लाल, अन् दुसऱ्या दिवशी स्पर्धा म्हणून मी रात्री गुपचूप पांढरा रंग मारून नीट केला. सकाळी पोरगा पाहतच राहिला, म्हणे "माय, हा तं तुहा बैल हाय, माहा कुठी गेला?" स्पर्धेला गेला नाही, अन् मग दिवाळीपर्यंत रंगाला हातच लावला नाही.

तेव्हापासून मी माझ्यासाठी वेगळी पत्रिका घेते अन् स्वतःचं काढते. माझ्या कोंबड्या बदकासारख्या दिसतात, पोरं हसतात, हसू द्या, शिकवायला तर कोणी बसलंच नाही ना. कधी कधी पोरं उठून खेळायला जातात अन् मीच एकटी पंख रंगवत बसलेली असते, चुलीवर भात लागतो तरी भान नसते.

उरलेलं पळसाचं पाणी फेकू नका, धुळवडीला चालतं, फक्त चुना न टाकलेलं तेवढं वेगळं ठेवा अन् दोन दिवसात वापरा, नाहीतर वास मारते.