कुत्र्याचा पाय सुजला तर या चुका टाळा

कुत्र्याचा पाय सुजला की बहुतेक घरांत सूज किती मोठी आहे एवढेच पाहिले जाते. खरे तर ती किती वेळात वाढली आणि कुत्रा पाय टेकवतो की नाही, हे आधी पाहायला हवे. गांधीलमाशी चावलेला पंजा भयंकर दिसला तरी बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. मात्र सोबत तोंड सुजले, उलट्या झाल्या किंवा धाप लागली, तर थांबू नये. मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्यासारख्या सडपातळ पायांवर सूज चटकन दिसते, केसाळ कुत्र्याचा पाय हाताने चाचपून दुसऱ्या पायाशी ताडून पाहावा लागतो.

आपल्या बेळगाव भागात सर्वांत महागात पडणारी चूक सर्पदंशाची शंकाच न घेण्याची आहे. खानापूर-जांबोटीच्या रानाकडेला किंवा चिकोडी-निपाणीच्या उसाच्या फडात फिरून आलेल्या कुत्र्याचा पाय तासा-दोन तासांत फुगून सूज वर चढू लागली, तर घोणस किंवा फुरसे चावले असावे असे धरून निघावे. दातांच्या खुणा केसांत सहसा दिसत नाहीत, त्या शोधत बसू नये. जखमेतले रक्त थांबत नसेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा लघवी लाल होत असेल, तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडवलेली असते. पायाला दोरी आवळणे, चीर देणे आणि बर्फ लावणे या तिन्हींनी पाय वाचण्याची शक्यता कमीच होते, कारण या सापांचे विष चावल्या जागीच मांस नासवते. उपाय प्रतिविषाच्या इंजेक्शनाचाच आहे, आणि ते प्रत्येक गुरांच्या दवाखान्यात असतेच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. कुत्र्याला चालवत न नेता उचलून न्यावे.

दुसरी चूक म्हणजे घरातली वेदनाशामक गोळी देणे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात; पॅरासिटॅमॉलने यकृताला इजा होते. गोळी दिलीच असेल तर कोणती, किती आणि केव्हा, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण तिच्यावर त्यांचे सूज कमी करण्याचे इंजेक्शन पडले तर अपाय वाढतो.

बिब्ब्याने कातडी भाजते आणि हळद-चुन्याचा लेप कुत्रा चाटून टाकतो, त्यामुळे दोन्ही नकोत. हाड मोडले असण्याची शक्यता असताना पाय चोळणेही नको. साधा मुका मार असेल तर पहिल्या दिवशी थंड पाण्याचा कपडा दहा मिनिटे ठेवणे पुरे.

पावसाळ्यानंतर बोटांमध्ये गाठ येऊन फुटते, औषधाने बसते आणि पुन्हा येते, तेव्हा आत गवताचे कुसळ अडकलेले असू शकते. ते काढल्याशिवाय जखम भरत नाही.

कुत्रा खातोपितो आणि पाय टेकवतो, तर एक दिवस वाट पाहण्यास हरकत नाही. पाय अजिबात टेकवत नसेल, ताप १०३ अंश फॅरेनहाइटच्या वर असेल किंवा दुसरे कुत्रे चावले असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि चावा असल्यास रेबीजच्या लसीचेही विचारावे. चारही पाय सुजून बोट दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर दोष पायात नसून हृदय, मूत्रपिंड किंवा यकृतात असण्याची शक्यता असते आणि रक्ततपासणी लागते. मोठ्या जातीच्या वयस्क कुत्र्याच्या हाडाजवळ घट्ट, दुखरी सूज हळूहळू वाढत असेल, तर मुरगळल्याचे समजून आठवडे घालवू नयेत. हाडाचा कर्करोग नाही ना, हे एक्स-रे काढून पाहावे लागते.